शब्दचर्चा : ‘मुक्तस्रोत’ विकलं तर बेकायदा?

प्रश्न : बऱ्याच लेखांत ‘मुक्तस्रोत’ (ओपन सोर्स) आणि ‘मोफत’ एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. मग असं सॉफ्टवेअर कोणी पैसे घेऊन विकलं तर तो गुन्हा का? आणि मुक्तच आहे तर ‘परवाना’ कशाला?

उत्तर : गुन्हा नाही. मोफतचा संबंध किमतीशी, मुक्तचा मुभेशी. ओपन सोर्सच्या अधिकृत व्याख्येतलं पहिलंच कलम सांगतं की परवान्याने विक्रीला आडकाठी करू नये. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ईमॅक्स या आपल्या मुक्त टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला पाठवत.

खरी मेख विकल्यानंतर आहे. जीपीएल या मुक्तस्रोतातल्या प्रसिद्ध परवान्याखालची प्रत तुम्ही कितीलाही विका, पण घेणाऱ्याने ती दुसऱ्या दिवशी जगाला फुकट वाटली तर तुम्हाला हात चोळत बसावं लागेल. ‘पुढे देऊ नये’ अशी अट घालायचा हक्क विकणाऱ्याला नाही. शिवाय सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूरही, द्यावा लागतो. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार तो सोबत तरी द्यायचा, नाहीतर किमान तीन वर्षं मागेल त्याला देऊ असं लेखी कळवायचं. एमआयटी, बीएसडी हे दुसरे परवाने त्या मानाने सैल : मूळ कॉपीराइटची नोंद आणि परवान्याचा मजकूर राखला की झालं.

आणखी एक उत्तर : ‘परवाना’ म्हटलं की आपल्याला सरकारी कचेरी आठवते. इथे अर्ज नाही, शिक्का नाही. कॉपीराइट लेखकाकडेच राहतो, त्याने सगळ्यांना आधीच सशर्त परवानगी देऊन ठेवलेली असते. म्हणून ‘मालकी सोडलेलं’ हा अर्थ चूक. अट मोडणाऱ्यावर कॉपीराइटभंगाचा दावा होऊ शकतो. खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये हेच मान्य केलं.

आणि ‘व्यावसायिक वापरास मनाई’ असं लिहिलेलं असेल, तर कोड कितीही उघडा दिसो, त्याला मुक्तस्रोत म्हणू नये.

प्रश्नकर्ता : मग फायरफॉक्समध्ये बदल करून त्याच नावाने विकता येईल?

उत्तर : कोड विका, नाव नको. नाव ट्रेडमार्कखाली येतं, तो कायदाच वेगळा. याच वादातून डेबियन या लिनक्स प्रणालीने २००६ पासून जवळपास दहा वर्षं तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ नावाने दिला.