औषध उद्योगात जायचे असेल, तर एम.एस्सी. पुरे की पीएच.डी. हवी?

लिटमस_निळा:
मी पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ (पीएच.डी.साठीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली आहे आणि त्याच वेळी कुरकुंभ एमआयडीसीतील एका औषध कंपनीच्या प्रक्रिया विकास विभागात नोकरीही मिळते आहे. अध्यापनात मला रस नाही, उद्योगातच राहायचे आहे. घरी वडील दोन वर्षांत निवृत्त होतील, त्यामुळे पाच-सहा वर्षे केवळ शिष्यवृत्तीवर काढावीत का, हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. पीएच.डी. नसल्यामुळे पुढे अडते का, आणि अडत असेल तर नेमके कुठे?

रिॲक्टरवाला:
मी एम.एस्सी. करून सतरा वर्षे प्रक्रिया विकासातच आहे. या कामात रेणू ठरलेला असतो. तो स्वस्तात, सुरक्षितपणे आणि दुसऱ्याच्या पेटंटवर पाय न देता कसा बनवायचा, एवढाच प्रश्न असतो. फ्लास्कमध्ये दहा मिनिटांत घातलेले अभिकारक तीन हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये चार-पाच तास हळूहळू सोडावे लागते, कारण आकारमान वाढते त्या प्रमाणात थंड करणारा पृष्ठभाग वाढत नाही. रोजची मात्रा दोन ग्रॅमपर्यंत असलेल्या औषधात ०.१० टक्क्यापेक्षा जास्त असलेली अशुद्धी कोणती, हे शोधून काढावेच लागते, आणि अशी एक अशुद्धी कधीकधी सहा महिने खाते. हे सारे प्लांटवर उभे राहूनच शिकायला मिळते. माझ्या हाताखाली आलेल्या पीएच.डी.धारकांनाही ते येथेच शिकावे लागले.

आता दुसरी बाजूही सांगतो. आधीच्या कंपनीत संशोधन प्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा माझे नाव विचारातही घेतले गेले नाही, कारण जाहिरातीतच डॉक्टरेटची अट होती. उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण किंवा नियामक विभागात असे सहसा होत नाही. संशोधनाच्या वरच्या दोन पायऱ्यांवर मात्र होते.

स्तंभलेखक (क्रोमॅटोग्राफीचा):
रिॲक्टरवाला सरांशी मी सहमत आहे, पण त्यांचे म्हणणे प्रक्रिया विकासापुरते आहे. मी पीएच.डी. करून नव्या औषधांच्या शोधाच्या कामात आले. तेथे कोणता रेणू बनवायचा हे ठरवणाऱ्यांमध्ये बसायचे असेल, तर डॉक्टरेट जवळजवळ प्रवेशपत्रच असते, एम.एस्सी. झालेली हुशार मुले तेथे वर्षानुवर्षे दुसऱ्याने आखलेले संश्लेषण करत राहतात.

पैशांचे गणित असे आहे: जानेवारी २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफला (वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. सुरुवातीच्या पगाराच्या तुलनेत ही रक्कम अनेकदा कमी नसते. खरा तोटा पुढे होतो, कारण तुमची पाचव्या वर्षाची पगारवाढ आणि बढती तुमच्याऐवजी वर्गमैत्रिणीला मिळालेली असते. शिवाय पीएच.डी. झाल्यावर एम.एस्सी.च्या जागेसाठी अर्ज केला, तर 'ही फार काळ टिकणार नाही' म्हणून नकार येतो. मी स्वतः असे दोन नकार पचवले आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागते, आणि ते मिळेल का, हे रुजू होण्याआधीच विचारून घ्यावे. पूर्णवेळ करणार असाल, तर संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकांचे मागील सात-आठ विद्यार्थी आज कुठे आहेत, ते पाहा.

ऱ्हाईनकाठी:
मी जर्मनीत रासायनिक उद्योगात आहे. येथे रसायनशास्त्राचे बहुसंख्य पदव्युत्तर विद्यार्थी डॉक्टरेट करतात, आणि प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष हातकाम साडेतीन वर्षांचे व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ फार कौशल्याने करतात. त्यामुळे नुसत्या मास्टर्सवाल्याला मोठ्या कंपनीच्या संशोधनात मधल्यामधे जागा शोधावी लागते. आपल्याकडे ते हातकाम एम.एस्सी. झालेली मुलेच करतात, म्हणून भारतात सुरुवातीची नोकरी सहज मिळते. पुढे परदेशातील उद्योगात यायचा विचार असेल, तर हा फरक आधीच लक्षात घ्यावा.

लिटमस_निळा:
तिघांचेही आभार. ताई, आपण सांगितल्याप्रमाणे मी कंपनीला अर्धवेळ पीएच.डी.बद्दल विचारले, तीन वर्षांच्या सेवेनंतर ना-हरकत पत्र देतात, असे तोंडी उत्तर मिळाले. ते लेखी मागितले आहे. जेआरएफच्या पत्रावरील मुदतही पाहिली. रुजू झाल्यावरही निर्णय बदलायला काही महिने हाती राहतात. रिॲक्टरवाला सर, त्या काळात मला प्रयोगशाळेऐवजी पायलट प्लांटवर (मोठ्या उत्पादनाआधीच्या लहान चाचणी प्लांटवर) पाठवा, अशी विनंती नव्या मुलीने पहिल्याच आठवड्यात केली, तर ती उद्धट वाटेल का?

रिॲक्टरवाला:
उद्धट मुळीच वाटणार नाही. रात्रपाळीलाही येईन, असे सोबत सांगा, लगेच पाठवतील.