‘80 टक्के स्थानिक’ : जाब नक्की कुणाला विचारायचा?

सातपूरकर
आमच्या चौकात पुन्हा फलक लागलाय, ‘नाशिकच्या नोकऱ्या नाशिकच्या पोरांना’. मलाही पटतं. माझा पुतण्या आयटीआय फिटर होऊन दोन वर्षं घरी बसलाय. काल त्याला घेऊन अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर गेलो. वॉचमनने बायोडाटा हातातसुद्धा घेतला नाही, म्हणाला ठेकेदाराला भेटा. ठेकेदाराने दोनच गोष्टी विचारल्या : बारा तास उभा राहशील का, आणि खोली जवळ आहे का. पोरगा म्हणाला, घरून येईन, सिडकोतून. “मग नाही जमणार, रात्री-अपरात्री बोलवावं लागतं.” शेजारच्याच खोलीत बिहारची आठ पोरं राहतात, पाळीपाळीने झोपतात.

कारखान्यांनी 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायचं धोरण राज्यात 1968 पासून आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये उद्योग खात्याने पुन्हा शासन निर्णय काढला. मग ठेक्यावरची माणसं त्या हिशोबात धरतात का, हे निवडणुकीतल्या एकाही उमेदवाराने आजवर का विचारलं नाही? फलकावर बाहेरून कोण आलं ते लिहितात. त्याला कोण आणतं, किती पगारावर ठेवतं, ते लिहीत नाहीत.

गोदाकाठ
तुमचं अर्धंच पटलं. 1968 चा कागद चाळीस वर्षं धूळ खात पडला होता. 2008 ला लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे नवा निर्णय निघाला. राग दिसल्याशिवाय मंत्रालय हलत नाही, हा आपला अनुभव आहे. शिवाय प्रश्न फक्त पगाराचा नाही. माझी आई बँकेत पैसे काढायला जाते आणि काउंटरवरच्या माणसाला तिचं बोलणं कळत नाही. स्वतःच्या गावात तिने खाली मान घालून परत यायचं? याला द्वेष म्हणू नका.

सातपूरकर
आईचं दुःख खरं आहे, बँकेत मराठी आलीच पाहिजे. पण फेब्रुवारी 2008 मधलं मनसेचं परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन मी इथे पाहिलंय. नाशिकरोड स्टेशनवर उत्तरेकडच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच दिवसांत दगडफेकीत एचएएल या विमान कारखान्याचा एक कर्मचारी गेला. तो मराठी होता हो. त्याच्या घरच्यांना त्या रागातून काय मिळालं?

द्वारका_चौक
लोकांचं मतही एका जागी राहत नाही. 2012 ला याच शहराने मनसेला 122 पैकी 40 नगरसेवक आणि महापौरपद दिलं, 2017 ला 5 वर आणलं. परप्रांतीय तेव्हाही होते, नंतरही होते. मतदाराला शेवटी काम दिसावं लागतं.
कायद्याचंही बघा. हरियाणाने महिना 30 हजार पगारापर्यंतच्या खाजगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिक असा कायदा केला, हायकोर्टाने तो नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केला. देशात कुठेही राहायचा, काम करायचा हक्क घटनेतच आहे.

इंदिरानगरची_आई
माझा मुलगा अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तिथे नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं, तेव्हा तो सुट्टीवर घरी आलेला होता. रात्री दोनपर्यंत तिकीट शोधत बसला, कारण जुन्यांना लागू आहे की नाही ते पहिल्या दिवशी कुणालाच नीट सांगता येईना. ‘आमच्या नोकऱ्या खातात’ हे वाक्य त्याच्याबद्दल ऐकलंय मी. इथल्या फलकावर तेच वाचवत नाही.

गोदाकाठ
ताई, तुमची काळजी समजते. पण अमेरिकेने आधी आपल्या माणसांचा विचार केला तर मी त्यांना दोष देणार नाही. तोच हक्क मी माझ्या पोरांसाठी मागतोय.

द्वारका_चौक
फरक आहे. तुमच्या शेजारचा बिहारी याच देशाचा नागरिक आहे, व्हिसावर आलेला नाही.

सुरगाण्याचा
तुम्ही सगळे शहरातले. स्थानिक म्हणजे कोण, ते मला सांगा. आम्ही याच जिल्ह्यातले. भात निघाला की गाव रिकामं होतं. टोळ्या निफाड, दिंडोरीला द्राक्षबागेत. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळं आमच्या बायका करतात. बागेच्या कडेला प्लास्टिकचा कागद बांधून राहायचं. माझी पुतणी पाचवीत आहे, धाकट्या भावाला सांभाळायला तिला सोबत न्यावं लागतं, त्यामुळे होळीपर्यंत शाळा बंद. फलक लावणारे आमच्याकडे कधी आले नाहीत. आमच्या पोरांनाही अंबडचा ठेकेदार हेच विचारतो, खोली आहे का.

निफाडची_बाग
भाऊ, खरं बोललात, मी बागायतदार आहे म्हणून सांगतो. टोळीला उचल देतो, मजुरी ठरल्याप्रमाणे देतो, पण निवाऱ्याचा विचार आम्ही केला नाही. मात्र एक माल फेल गेला तर माझाच हप्ता थकतो, हेही धरा.

सातपूरकर
लॉकडाऊनमध्ये, 1 मे 2020, महाराष्ट्र दिनालाच, नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची विशेष गाडी सुटली. ज्यांना वर्षानुवर्षं राबवलं, त्यांची यादी ना ठेकेदाराकडे धड होती ना कंपनीकडे. सुरगाण्याच्या पोरांचीही नसते. माझं भांडण तिथे आहे.
सोमवारी जिल्हा उद्योग केंद्रात माहिती अधिकाराचा अर्ज देतोय : सवलती घेणाऱ्या कारखान्यांनी स्थानिकांचा काय हिशोब दिला, आणि ठेक्यावरचे त्यात आहेत का. गोदाकाठ, तुम्हीही स्वतःच्या नावाने एक टाकाल?

गोदाकाठ
टाकतो. फलकाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. किती वाजता येऊ?