घोड्यांचा मोठा ट्रेलर ओढायला वेगळं लायसन्स लागतं का? (यूके)

तबेल्यातली_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही यॉर्कशायरमध्ये असतो. लेकीला घोड्यांचं वेड लागलंय आणि शोला पोनी न्यायला आता स्वतःचा ट्रेलर घ्यायचं घरात ठरलंय. (ठरलंय म्हणजे तिने ठरवलंय, नवरा अजून हिशेब करतोय.) दोन घोड्यांचा सेकंडहँड ट्रेलर बघून ठेवलाय, पाटीवर कमाल वजन २६०० किलो आहे. माझी टेस्ट इथलीच, २०१४ ची, ऑटोमॅटिकवर. तबेल्यातल्या एक बाई म्हणतात ट्रेलरची वेगळी परीक्षा द्यावी लागते, दुसऱ्या म्हणतात काही नको. खरं कोणाचं? घरच्या डिझेल एसयूव्हीनेच ओढायचा विचार आहे.

लीड्सकर:
दुसऱ्या बाईंचं. पहिल्या बाई जुनं सांगताहेत. १ जानेवारी १९९७ पासून ज्यांनी कारची टेस्ट दिली, त्यांना एवढ्या ट्रेलरसाठी बी-प्लस-ई परीक्षा द्यावी लागायची. २०२१ मध्ये लॉरी ड्रायव्हरांचा तुटवडा पडला, परीक्षक तिकडे हवे होते, म्हणून सप्टेंबरात ती परीक्षाच बंद केली. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. अर्ज नाही, फी नाही. कार्ड नवं कराल तेव्हा त्यावर 'बीई', म्हणजे ट्रेलर ओढायची मुभा, आपोआप येईल. मात्र टेस्ट ऑटोमॅटिकची, म्हणजे ओढायची गाडीही ऑटोमॅटिकच. गियरवाल्या मैत्रिणीची गाडी मागून भागणार नाही.

पण ताई, तुमचं अडणार ते लायसन्सवर नाही, गाडीवर. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली चासी नंबरची पाटी असते, ती बघा. तिच्यावर वजनांच्या चार ओळी असतात. पहिली भरलेल्या गाडीची, दुसरी गाडी आणि ट्रेलर मिळून, खालच्या दोन अ‍ॅक्सलच्या. दुसरीतून पहिली वजा करा. समजा ३९०० वजा २१००, उरले १८००. गाडी पूर्ण भरलेली असताना मागे एवढंच ओढायचं. दुसरी ओळच नसेल तर त्या गाडीने ट्रेलर ओढायचा नाही, विषय संपला.

आता मांडा. रिकामा ट्रेलर ९५० धरा, साडेपाचशे किलोचे दोन घोडे ११००. झाले २०५०, खोगीर, गवताची जाळी, पाणी वेगळंच. १८०० वाली गाडी तिथेच बाद. एकटी पोनी मात्र आरामात जाईल, कारण गाडीच्या मर्यादेला प्रत्यक्ष भरलेलं वजन धरतात. लायसन्सचा ३५०० चा आकडा तेवढा ट्रेलरच्या पाटीवरून मोजतात. आणि काठावर जाऊ नका. घोडा म्हणजे सिमेंटची गोणी नव्हे, वळणावर पाय बदलतो आणि सगळा ट्रेलर हलतो.

जुना_लायसन्सवाला:
आमची टेस्ट १९९५ ची, त्यामुळे सी१, म्हणजे मध्यम लॉरीचं लायसन्स, बरोबरच मिळालं. साडेसात टनी घोड्यांची लॉरी चालवायची मुभा आहे, घोडा मात्र एकही नाही! तुमच्यासारख्यांना तेवढ्या लॉरीसाठी आजही सी१ ची परीक्षा द्यावीच लागते. आम्हालाही सत्तरीनंतर ते टिकवायचं तर डॉक्टरकडून डी४, म्हणजे वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, भरून घ्यावा लागतो.

परीक्षा गेली म्हणून शिकणं सोडू नका. ऐच्छिक प्रशिक्षण मिळतं, निदान अर्धा दिवस करा. रिकामा ट्रेलर घेऊन एखाद्या शेतात रिव्हर्स घोटा. मागचं टोक डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं, हे डोक्याला कळतं, हाताला कळायला वेळ लागतो. वेग एकेरी रस्त्यावर ५० मैल, ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६०. तीन लेनच्या मोटरवेवर उजव्या टोकाची लेन विसरा. निघताना ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) अडकवलीय का बघा, आणि मागे तुमच्याच गाडीच्या नंबरची प्लेट हवी. घोड्याचा पासपोर्टही सोबत लागतो. त्याचा, तुमचा नव्हे.

तबेल्यातली_आई:
दोघांनाही खूप धन्यवाद. पाटी बघून आले, वजाबाकी १६०० निघाली. नवरा एकदम खुशीत! अजून एक विचारते. मैत्रिणीच्या मुलीची पोनी पेट्रोलचे पैसे वाटून घेऊन नेली तर चालेल ना?

लीड्सकर:
शेजारधर्म म्हणून खर्च वाटून घेतलात तर तो धंदा होत नाही, तरी विमावाल्यांना आधी विचारून ठेवा. भाडं घेऊन नेऊ लागलात की गोष्ट वेगळी. ६५ किलोमीटरच्या पुढे जनावरं नेण्याची वाहतूकदाराची परवानगी लागते, आणि गाडी-ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या वर गेलं की टॅकोग्राफचे (ड्रायव्हिंगच्या वेळा नोंदवणाऱ्या यंत्राचे) नियमही मागे लागतात. पण मुळात १६०० मध्ये दोन पोनी कशा बसवणार? ट्रेलर ९५० चा असेल तर हातात ६५० राहतात. दोघी अगदीच छोट्या शेटलंड असतील तर बघा, नाहीतर मैत्रिणीला तिची गाडी आणायला सांगा.