आपल्या फॅक्टोरिओ सर्वरवर स्पेस एज चालू करायचं का? माझं मत: नाही

आर्वीकर (धागाकर्ता)

राजेहो, तीन आठवडे झाले, टपरीवर अन् फोनवर हाच विषय चालू आहे. म्हणून एकदाचं इथे मांडतो.

सर्वर माझ्या ऑनलाईन सेंटरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. दिवसभर त्यावर सातबारा अन् पीक विम्याचे अर्ज, रात्री नऊनंतर आपला कारखाना. आपण सात जण. चौघांनी स्पेस एज घेतलं, तिघांनी नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: फॅक्टोरिओ हा कारखाना उभारायचा कॉम्प्युटर गेम. स्पेस एज हा त्याचा विकतचा विस्तार, त्यात दुसऱ्या ग्रहांवर जाता येतं, २१ ऑक्टोबर २०२४ ला आला. त्याच दिवशी मूळ गेमची २.० आवृत्ती सगळ्यांना फुकट मिळाली, तीच आपण खेळतो. विस्तार चालू करणं पाच मिनिटांचं काम आहे. सर्वर बंद करायचा, मॉड्सच्या (गेमला जोडायच्या भागांच्या) फोल्डरमधली मॉड-लिस्टची फाईल उघडायची आणि स्पेस-एज, क्वालिटी, एलेव्हेटेड-रेल्स या विस्ताराच्या तीन भागांपुढचं 'फॉल्स' खोडून 'ट्रू' लिहायचं. सर्वरच्या फुकट प्रोग्राममध्ये तिन्ही आधीपासून असतात.

पण 'ट्रू' लिहिलं की ज्याने विस्तार विकत घेतला नाही त्याला आत येताच येत नाही. नुसतं दुसऱ्या ग्रहावर जाणं बंद होतं असं नाही, आपल्या रोजच्या नॉव्हिस ग्रहावरही पाय ठेवता येत नाही.

आता त्या तिघांतला एक कोण, ते सगळ्यांना माहीत आहे. गेममधली पूर्वेकडची तांब्याची रेल्वे लाईन त्याने एकट्याने टाकली. बंद पडलेल्या पुलगाव-आर्वी नॅरोगेजची आठवण म्हणून त्याने स्टेशनांना पुलगाव, रोहणा, आर्वी अशी नावं दिली. रोहण्याला सायडिंग काढलं, सिग्नल बसवले, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कोणी थांबायचं तेही ठरवलं. त्याच्याच रेल्वेवर त्याला तिकीट नाही, हे मला पटत नाही. म्हणून माझं मत नाही.

वरूडचा बागवान

माझं मत हो. चालू करा, अन् लवकर करा.

भाऊ, आम्ही चौघांनी पैसे मोजले. ३५ डॉलर किंमत जाहीर झाली होती, मूळ गेमइतकीच. ही कंपनी सेल लावतच नाही, तसं तिने आधीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे दिवाळीला स्वस्त होईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. मग आम्ही घेतलेली वस्तू किती दिवस झाकून ठेवायची?

दुसरं माझ्या मनातलं सांगतो. ग्लेबा ग्रह मी एकट्याने खेळून पाहिला. तिथे माल सडतो. युमाको फळ तासभर टिकतं, पण त्याचा एकदा लगदा केला की तीन मिनिटांत खराब. विज्ञानाचे पुडेही शिळे होतात, जितके शिळे तितकं संशोधन कमी. पट्ट्यावर माल साचवून ठेवायची आपली सवय तिथे चालत नाही.

मागच्या वर्षी आंबिया बहाराची गाडी आमची मंडईबाहेर दीड दिवस उभी राहिली होती. खालच्या क्रेटमधलं संत्र बोटाने दाबलं तर आत गेलं, अन् त्याचा रस शेजारच्या फळांना लागला. ते पाहिलेल्या माणसाला ग्लेबा शिकवावा लागत नाही. आपल्या पोट्ट्यांनी तो मिळून खेळायलाच पाहिजे. मला त्यात गंमत नाही, आपला धंदा दिसतो.

पुसदचा फिटर

भांडण बाजूले ठेवा, आधी एक गोष्ट ऐका. चालू करा नाही त नका करू, पण जुन्या सेव्हवर, म्हणजे आपल्या साठवलेल्या चालू खेळावर, करू नका.

सेव्ह उघडते, नाही असं नाही. पण संशोधनाची सारी मांडणी बदलते. कडे फोडायचे स्फोटक आपण नॉव्हिसवर बनवतो, त्याचं संशोधन विस्तारात व्हल्कॅनस ग्रहावर गेल्याशिवाय होत नाही. तोफेचंही तसंच. अन् एकदा अवकाशातलं बांधकाम केलं, मग कोणाच्या मनात आलं अन् परत 'फॉल्स' केलं, त ते सारं सेव्हमधून पुसून जाते. माझ्या हातून एकदा झालं हाय, माझ्या एकट्याच्या सेव्हवर. चाळीस तासांचं काम होतं. म्हून सांगतो, फाईलची कॉपी काढल्याशिवाय हात लावू नका.

दुसरी गोष्ट मशीनची. या गेममध्ये सर्वर एकटा हिशोब करत नाही. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर अख्खा कारखाना सेकंदाले साठ वेळा चालते, ज्याचं मशीन कमजोर तो मागं पडते. पाच ग्रह भरले त आपल्यापैकी दोघांचे लॅपटॉप टिकणार नाही, मग त्यांनी विस्तार विकत घेतला असला तरी. अन् आत येतानी अख्खी सेव्ह डाऊनलोड होते. लाईन गेली, नेट गेलं, परत आले की परत तितकाच डेटा जाते.

मी म्हणतो वेगळी नवी सेव्ह काढा. तिचं मॉड्सचं फोल्डर वेगळं, पोर्ट (सर्वरले जोडायचा नंबर) वेगळं. आपला चालू सर्वर ३४१९७ वर हाय, दुसरा ३४१९८ वर लावा. दोन्ही राहतीन.

आर्वीकर

फिटरभाऊ, माहिती पटली, सेव्हची कॉपी आजच पेन ड्राईव्हवर काढतो. पण दोन सर्वर म्हटलं की काय होणार ते मला दिसतं. शनिवारी रात्री चौघे नव्यावर जाणार, तिघे जुन्यावर बसून राहणार, अन् महिनाभरात जुन्यावर कोणी फिरकणार नाही. आपले सात जण एका नकाशावर असतात, म्हणून तर मी सेंटरचं इन्व्हर्टर रात्री चालू ठेवतो.

वरूडचा बागवान

अन् तसंच अडकून राहिलो तर चौघे एकेकटे आपापल्या घरी खेळतील. माझं तर सुरूही झालं आहे. ते तुम्हाला बरं वाटते का?

रोहण्याचा

माह्यावरून चाललं हाय म्हून मीच लिहितो.

या आठवड्यात थ्री फेज रातचीच हाय. मोटर लावून आलो की बारा वाजतात, मंग तासभर येतो. विस्तार मले घ्याचा हाय, पण कापूस अजून घरात हाय अन् भाव पाहून राहिलो. विकला की घेईन. कोणी गिफ्ट पाठवतो म्हणे, पाठवू नका, मले ते चालणार नाही.

पण आर्वीकर भाऊ, माह्यासाठी सगळ्यायले थांबवलं असं लिहू नका. मले तेच जास्त लागलं. नवा सर्वर काढा. फक्त जुना बंद करू नका. रोहण्याच्या सायडिंगवर चौदा डबे तांबं भरून उभं हाय, ते पोचवून झालं नाही.

आर्वीकर

चुकलं माझं, तुला विचारल्याशिवाय तुझं नाव पुढे करायला नको होतं.

ठीक. रविवारी दुपारी सेंटर बंद असतं, तेव्हा ३४१९८ वर नवी सेव्ह लावतो. पण बुधवार अन् शनिवार सगळे सात जुन्यावर, ही माझी अट आहे. बागवान, बोल.

वरूडचा बागवान

शनिवार कबूल. बुधवारी आमच्याकडे तोड असते, त्याऐवजी गुरुवार ठेव. अन् ते चौदा डबे पोचवायला मी येतो, आर्वीच्या फाट्यावर सिग्नल अडकतो तो आधी पाहू.