मदत हवी आहे: पाच आठवड्यांच्या पिल्लांमधील मरतुकीचे कारण कसे शोधावे?

माझ्याकडील सुमारे पाच आठवड्यांच्या कोंबडीच्या पिल्लांमध्ये रोज एखाद-दुसरे पिल्लू दगावत असून, संध्याकाळी व्यवस्थित दाणे टिपणारे पिल्लू सकाळी पंख पाडून बसलेले किंवा मेलेले आढळते. लिटर (जमिनीवरचे अंथरण) कोरडे आहे, अमोनियाचा वास नाही आणि नाक-डोळ्यांतून स्रावही दिसत नाही.

पहिला संशय रक्ती हगवणीचा आला. विष्ठेत रक्त नाही हे खरे. परंतु हा रोग करणाऱ्या आयमेरिया या परजीवीच्या काही प्रजाती लहान आतड्यात वाढतात आणि रक्त न दिसताही पिल्ले मरतात, त्यामुळे तेवढ्यावरून हा रोग नाकारणे मला धाडसाचे वाटते. गंबोरो हा विषाणूजन्य रोग मुख्यतः तीन ते सहा आठवड्यांच्या वयातच होतो, म्हणून लस दिलेली असूनही तो मनातून जात नाही. शिवाय मरतूक खाद्याचे नवे पोते उघडल्यानंतर सुरू झाली. बुरशी दिसत नाही, पण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष डोळ्यांना दिसतच नाही.

ताजे मृत पिल्लू न गोठवता गार ठेवले आहे. शवविच्छेदनात बर्सा (गंबोरोत बाधित होणारी, शेपटीजवळची ग्रंथी), आतडी आणि यकृत यांखेरीज आणखी काय तपासून घ्यावे? अहवाल येईपर्यंत पाण्यातून अँप्रोलियम हे रक्ती हगवणीवरचे औषध सुरू करावे, की त्यामुळे उरलेल्या पिल्लांच्या विष्ठेची तपासणी फसेल? जाणकारांनी कृपया सांगावे.