टॅक्टिक्सची कोडी एकत्र बसून सोडवताना पद्धत कोणती ठेवावी? (सल्ला हवा आहे)

ठाणेकर_हत्ती

नमस्कार. ठाण्यात आम्ही पाच जण रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहात बुद्धिबळ खेळायला जमतो आणि आमचा सहावा सोबती डब्लिनहून ऑनलाइन सहभागी होतो. बहुतेकांचे ऑनलाइन रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) १२०० ते १५०० च्या दरम्यान आहे. एकाचे मात्र १८०० च्या पुढे आहे. डावांच्या आधी तासभर टॅक्टिक्सची, म्हणजे नेमक्या खेळ्या शोधून फायदा मिळवण्याच्या डावपेचांची, कोडी सोडवायची असे आम्ही ठरवले, परंतु स्थिती पडद्यावर आली की ज्याला आधी दिसते तो "घोड्याने एफ ७ मारा" असे सांगून मोकळा होतो, बाकीचे मान डोलावतात आणि पुढचे कोडे येते. प्रत्यक्ष डावात तोच फोर्क (एकाच वेळी दोन सोंगट्यांवर हल्ला) किंवा तीच पिन (मागची मोठी सोंगटी उघडी पडेल म्हणून पुढची अडकणे) बाकीच्यांच्या नजरेतून सुटते, म्हणजे त्या तासाचा लाभ एकट्यालाच होतो, किंबहुना त्यालाही होत नसावा.

कोडी कोठून घ्यावीत, किती अवघड असावीत, पटावर मांडावीत की पडद्यावर पाहावीत, आणि रेटिंगमध्ये एवढे अंतर असताना सर्वांना उपयोग होईल असा क्रम कसा ठेवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

शांत_खेळी

आपला प्रश्न कोड्यांच्या निवडीचा कमी आणि बोलण्याच्या क्रमाचा अधिक आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. आमच्या गटात एक नियम कटाक्षाने पाळला जातो: ठरलेली वेळ संपेपर्यंत कोणीही बोलायचे नाही, सोंगटीला हात लावायचा नाही, आणि प्रत्येकाने आपली उकल वहीत शेवटच्या खेळीपर्यंत लिहायची. केवळ पहिली खेळी लिहून चालत नाही. प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत चिवट उत्तर कोणते आणि त्यावर आपण काय करणार, हे लिहिलेले नसेल तर कोडे सुटले असे आम्ही धरत नाही. वेळ संपल्यावर सर्वांत कमी रेटिंगच्या खेळाडूने आधी वाचायचे आणि सर्वांत बलवान खेळाडूने शेवटी. हा क्रम उलटा केला, तर बाकीच्यांना आपले वेगळे उत्तर मांडण्याचा धीरच होत नाही, आणि एकत्र बसण्याचा सगळा फायदा त्या वेगळ्या उत्तरांमध्येच असतो.

चुकलेल्या उत्तराचे खंडन ज्याला बरोबर उत्तर मिळाले आहे त्याने करायचे, तेही पटावर खेळून. आपल्या १८०० च्या सोबत्यासाठी हेच काम ठेवा. "ही खेळी चालत नाही" एवढे म्हणणे सोपे असते. ती नेमकी का चालत नाही हे दाखवताना त्यालाही पुन्हा मोजावे लागते आणि कित्येकदा असे निघते, की त्या खेळीतही बराच दम होता.

या पद्धतीसाठी सावेद्राची स्थिती मला फार आवडते, कारण तिचा इतिहासच एकमेकांची उकल तपासण्याचा आहे. १८९५ साली जी. ई. बार्बिए यांनी ग्लासगोच्या एका साप्ताहिकातील आपल्या सदरात ही स्थिती बरोबरीची म्हणून दिली होती. ग्लासगोतच राहणारे फर्नांडो सावेद्रा नावाचे स्पॅनिश धर्मगुरू ते सदर वाचत असत. त्याच स्थितीत पांढरा जिंकतो हे त्यांनी दाखवून दिले. आज ती अशी मांडली जाते: पांढऱ्याचा राजा बी ६ वर आणि प्यादे सी ६ वर, काळ्याचा राजा ए १ वर आणि हत्ती डी ५ वर, खेळी पांढऱ्याची. प्यादे सी ७ वर येते आणि हत्ती डी ६ वरून शह देतो. पांढरा राजा बी ५, बी ४, बी ३ असा उतरत जातो, हत्ती डी स्तंभातूनच शह देत राहतो, आणि डी ३ वरच्या शहानंतर राजा सी २ वर पोचतो. शह संपले असे वाटत असतानाच काळा हत्ती डी ४ वर नेतो. आता प्याद्याचा वजीर केला, तर हत्ती सी ४ वर शह देतो, वजिराने तो मारला की काळ्या राजाची कोंडी होते (शह नसतो, पण एकही खेळी उरत नाही) आणि डाव बरोबरीत सुटतो. सावेद्रांनी प्याद्याचा हत्ती केला! आता ए ८ वरून मात होण्याची धमकी आहे, म्हणून काळ्याला हत्ती ए ४ वर आणावाच लागतो, आणि मग राजा बी ३ वर येताच एकाच वेळी तो हत्तीही मारला जात असतो आणि सी १ वर मातही होत असते.

गटात ही स्थिती दिली, की बहुधा बहुतेकांच्या वहीत वजीर असतो आणि एखाद्याच्या वहीत "बरोबरी". कोंडी कोणाला दिसली आणि कोणाला दिसली नाही, ती दिसल्यावरही दुसरा मार्ग कोणी शोधला, यावर जी चर्चा होते ती चटकन सुटणाऱ्या वीस कोड्यांतून होत नाही. त्यामुळे तासाला चार किंवा पाचच स्थिती घ्या. प्रत्येकाला एकट्याने साधारण निम्म्या सुटतील एवढी काठिण्यपातळी ठेवा, आणि त्या शक्यतो पटावर मांडा, कारण स्पर्धेत आपण पडद्याकडे पाहून खेळत नाही.

अभ्यासपट

डब्लिनच्या सोबत्यासाठी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरील "स्टडी" ही सोय उपयोगी पडेल. ती विनामूल्य आहे. एकेक स्थिती एकेका प्रकरणात घालून ठेवता येते, आणि सेटिंगमध्ये संगणकाचे विश्लेषण कोणालाही दिसणार नाही असे ठरवता येते. ते अवश्य बंद ठेवावे. इंजिनचा, म्हणजे विश्लेषण करणाऱ्या संगणक-प्रणालीचा, आकडा समोर दिसू लागला की चर्चा तिथेच थांबते. चर्चा पूर्ण झाल्यावर, वाद उरलाच तर, शेवटी ते चालू करावे.

लिचेसची कोडी प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांतून घेतलेली आहेत आणि त्यांचा संपूर्ण संग्रह कोणालाही उतरवून घेता येतो. मात्र "फोर्क", "पिन" असे विषय निवडून कोडी घेऊ नका. मिश्र कोडी घ्या. विषय आधीच कळला, की अर्धे उत्तर हातात येते, आणि डावात असे कोणी सांगत नाही. संकेतस्थळावरील कोड्यांचे रेटिंग आणि आपले डावांचे रेटिंग यांची तुलनाही करू नये, ती दोन वेगळी मापे आहेत.

प्यादे_सातव्या_घरात

शांत_खेळी यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु वेगाचा सराव अगदीच वगळू नये असे माझे मत आहे. लिचेसवरील पझल रेसरमध्ये सर्वांना ९० सेकंदांत तीच कोडी सोडवायची असतात. त्याने मोजणी सुधारत नाही हे खरे, पण मागच्या पट्टीवरची मात, उघडा शह (एक सोंगटी हलताच मागच्या सोंगटीचा बसणारा शह), घोड्याचा फोर्क हे साचे डोळ्यांत बसतात. सुरुवातीच्या दहा मिनिटांपुरते ते ठेवावे आणि मग वह्या उघडाव्यात.

एकट्याने आधी सोडवण्याबद्दल एक पूरक माहिती देतो. कोडी सोडवण्याची जागतिक स्पर्धा १९७७ पासून होते आणि ती सांघिक असते, तरीही संघातील तिघेही जण स्वतंत्रपणे बसून उकल लिहितात आणि प्रत्येक फेरीत त्यांपैकी दोघांचे सर्वोत्तम गुण धरले जातात. दोन खेळींत मात करण्याच्या ३ कोड्यांना २० मिनिटे मिळतात, तर डावाच्या अंतिम टप्प्यातील ३ रचनांना १०० मिनिटे. अवघड स्थितीला किती वेळ द्यावा याचा अंदाज या आकड्यांवरून यावा.

ठाणेकर_हत्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहीचा नियम येत्या रविवारपासूनच लागू करतो. एक शंका राहिली: वेळ संपली आणि कोणालाच उकल मिळाली नाही, तर उत्तर पाहावे, की स्थिती पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी?

शांत_खेळी

राखून ठेवा, पण तशीच नको. प्रत्येकाने आपण कोणत्या खेळी तपासल्या आणि त्या का सोडल्या, एवढे एकमेकांना सांगावे. बहुतेक वेळा असे आढळते, की एकाने पहिल्याच नजरेत टाकून दिलेली खेळी दुसऱ्याने तपासलेलीच नसते, आणि ती कोणतीतरी शह किंवा मार नसलेली शांत खेळी असते. त्यानंतर आणखी दहा मिनिटे द्या. तरीही सुटली नाही, तर स्थिती वहीत उतरवून घरी न्यावी, आठवडाभर इंजिनला हात लावू नये, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तिच्यापासूनच करावी.