मोठ्या लॉ फर्ममधून अडीच वर्षांतच इन-हाउस (कंपनीच्या स्वतःच्या कायदा विभागातील) नोकरीत जावे का? सल्ला हवा आहे

मसुदा_तिसरा:
नमस्कार. मी एका मोठ्या लॉ फर्मच्या कंपनी-व्यवहार विभागात अडीच वर्षांपासून असोसिएट आहे. कंपन्यांची खरेदी-विक्री हे आमच्या विभागाचे काम असले, तरी माझ्या वाट्याला मुख्यतः ड्यू डिलिजन्सच आले आहे, म्हणजे विकल्या जाणाऱ्या कंपनीचे शेकडो करार वाचून त्यांतल्या धोक्यांची टिपणे काढणे, आणि व्यवहार पूर्ण होण्याच्या आदल्या रात्री सह्यांची पाने जुळवणे. मुख्य कराराच्या वाटाघाटींना मी हजर असते, बोलत मात्र नाही.

गेल्या व्यवहारात आमची अशील असलेल्या एका कंपनीने मला तिच्या कायदा विभागात जागा देऊ केली आहे. तिथे सध्या एक जनरल कौन्सेल (कंपनीच्या मुख्य वकील) आणि एक करार-व्यवस्थापक आहेत, मी तिसरी असेन. मूळ पगार जवळपास सारखाच असून बोनस कमी आहे, आणि शेअरचे काही ऑप्शन (ठरलेल्या किमतीला पुढे शेअर विकत घेण्याचे हक्क) आहेत. माझे पार्टनर, म्हणजे फर्मचे भागीदार असलेले माझे वरिष्ठ, म्हणतात की किमान पाच वर्षे फर्ममध्ये काढल्याशिवाय जाऊ नये. सल्ला प्रामाणिक असेलही, परंतु माझे बिलेबल तास (अशिलाला बिल लावले जाणारे तास) ज्यांच्या हिशेबात जमा होतात त्यांच्याच तोंडून तो आल्यामुळे त्याला किती वजन द्यावे, हे कळत नाही. ज्यांनी तीन वर्षांच्या आत हा बदल केला आहे, त्यांच्याकडून ऐकायला विशेष आवडेल.

समास:
मी तिसऱ्या वर्षी बाहेर पडलो आणि तेव्हापासून इन-हाउसच आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे हे आधीच सांगतो. 'किती वर्षे' या प्रश्नाचे उत्तर आकड्यात शोधू नये असे मला वाटते. फर्ममध्ये खरे शिक्षण होते ते तुमच्या मसुद्यावर दुसऱ्या कोणीतरी लाल रेघा मारल्याने. तुम्ही नुकसानभरपाईचे कलम लिहिता, वरिष्ठ सहकारी त्याची कमाल मर्यादा आणि मुदत दुरुस्त करतात, पार्टनर ते सगळे कलमच दुसरीकडे हलवतात, आणि तसे का केले हे तुम्हाला त्या रात्री नाही तर पुढच्या व्यवहारात उमगते. कंपनीत गेल्यावर तुमचा मसुदा बहुधा शेवटचा असतो. म्हणून प्रश्न असा विचारावा की नव्या ठिकाणी लाल रेघा मारणारे कोणी आहे का. तुमच्या बाबतीत जनरल कौन्सेल आहेत. त्या स्वतः करार वाचतात की त्यांचा सगळा दिवस संचालक मंडळाच्या बैठकांत जातो, यावर तुमची पुढची तीन वर्षे अवलंबून असतील.

दुसरी गोष्ट कामाच्या स्वरूपाची. फर्ममध्ये तास सहा-सहा मिनिटांत मोजला जातो आणि वकील म्हणजे उत्पन्न. कंपनीत टाइमशीट सुटते, पण तुम्ही खर्चाच्या रकान्यात जाता, आणि तो रकाना कमी करण्याची इच्छा दरवर्षी कोणाला तरी होतेच. विक्री विभागाला तुमचे बारा पानी मत नको असते. सही करू का, एवढेच त्यांना हवे असते, आणि तेही तिमाही संपण्याच्या दिवशी संध्याकाळी. 'धोका आहे' असे लिहून हात झटकण्याची सवय ज्याची सुटत नाही, त्याला सहा महिन्यांत कोणी विचारीनासे होते. धोका किती मोठा आहे, तो घ्यायचा असेल तर कोणत्या अटीवर घ्यावा आणि तो निर्णय कंपनीत कोणाचा आहे, हे चार ओळींत सांगता येणे हेच तिथले कौशल्य आहे. ते फर्ममध्ये पाच वर्षे काढूनही आपोआप येत नाही.

उलट_टपाल:
'समास' यांच्या मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, फक्त माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. मी दोन वर्षांनी एका लहान कंपनीत एकटा कायदा अधिकारी म्हणून गेलो. माझे वरिष्ठ वित्तप्रमुख होते, म्हणजे माझ्या कामाचा दर्जा ओळखणारे त्या इमारतीत कोणीही नव्हते. नोकरभरतीची पत्रे, कार्यालयाचा भाडेकरार, विदागोपनीयता, ट्रेडमार्क, एका माजी कर्मचाऱ्याचा दावा, असे सगळे माझ्याकडे आले आणि मी प्रत्येक विषयात वरवर पोहायला शिकलो. चुका झाल्या तेव्हा त्या चुका आहेत हे मला समोरच्या पक्षाच्या वकिलाकडून कळले. दीड वर्षाने परत फर्मकडे वळलो, तेव्हा एक वर्ष खालच्या श्रेणीत रुजू व्हावे लागले. रस्ता बंद नसतो, पण अरुंद होत जातो, कारण फर्मला तुमच्याकडून मोठ्या व्यवहारांची ताजी यादी हवी असते आणि ती तुमच्याकडे नसते.

तुमच्या फर्ममध्ये सेकंडमेंटची, म्हणजे फर्मच्या नोकरीत राहून काही काळ अशिलाकडे काम करण्याची, सोय असेल, तर याच अशिलाकडे सहा महिने जाता येईल का, हे आधी विचारून पाहावे. फर्मचा पगार चालू ठेवून कंपनीतले आयुष्य आतून पाहण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही.

नियम_उपनियम:
एक मुद्दा थोडक्यात. वकिलाचा दर्जा देशागणिक बदलतो, तो राजीनाम्याआधी तपासावा. भारतात बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाला तसे कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० साली अ‍ॅक्झो नोबेल या कंपनीच्या प्रकरणात असे ठरवले, की स्पर्धा कायद्याखालील युरोपीय आयोगाच्या तपासात इन-हाउस वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला गोपनीयतेचे संरक्षण नाही, कारण नोकरीत असलेला वकील मालकापासून पुरेसा स्वतंत्र नसतो. अमेरिकेत असे संरक्षण मिळते, पण ते कायदेशीर सल्ल्यापुरतेच. धंद्याच्या सल्ल्याला नाही. त्यामुळे कोणता ईमेल कोणत्या भूमिकेतून लिहिला, याचे भान इन-हाउस वकिलाला रोज ठेवावे लागते. फर्ममध्ये हा प्रश्न क्वचितच पडतो.

मसुदा_तिसरा:
सर्वांचे आभार. सेकंडमेंटबद्दल विचारले, पण आमच्या विभागात सध्या माणसे कमी असल्याने वर्षभर ते शक्य नाही असे उत्तर मिळाले. जनरल कौन्सेलशी पुन्हा बोलणे झाले. त्या स्वतः चौदा वर्षे फर्ममध्ये होत्या आणि पहिले वर्षभर माझा प्रत्येक महत्त्वाचा मसुदा स्वतः पाहतील असे म्हणाल्या. माझी जागा नवी नाही. आधीच्या व्यक्तीने दहा महिन्यांत सोडली. कारण विचारायला संकोच वाटला.

समास:
संकोच करू नका, तोच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि शक्य झाले तर त्या व्यक्तीशी थेट बोला. जनरल कौन्सेल स्वतः किती वर्षे तिथे राहणार आहेत, याचाही अंदाज घ्या, कारण त्यांनी दिलेले आश्वासन त्यांच्याबरोबरच निघून जाते. तिघांच्या विभागात बढती म्हणजे वरची खुर्ची रिकामी होणे, दुसरा अर्थ नाही. फर्ममध्ये दरवर्षी श्रेणी आपोआप वाढण्याची सवय लागलेल्यांना हे पहिल्या दोन वर्षांत फार जाणवते.

ऑप्शनबद्दल लिहायचे राहिले. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल, तर घरखर्चाच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य धरा. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क मिळणे आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडल्यास काहीच हाती न लागणे, ही नेहमीची रचना आहे; परंतु नोकरी सोडल्यावर मिळालेले ऑप्शन किती दिवसांत पैसे भरून वापरावे लागतात, हे कलम आपल्यासारखी दुसऱ्यांचे करार वाचणारी माणसेच स्वतःच्या बाबतीत वाचत नाहीत. मी वाचले नव्हते. मुदत नव्वद दिवसांची होती.

मसुदा_तिसरा:
कलम आत्ताच काढून पाहिले. माझ्या पत्रात तीस दिवस आहेत. उद्याच्या बोलण्यात ही मुदत वाढवून मागते, आणि आधीची व्यक्ती का गेली हेही विचारते.